वनिता मागे खेळायला गेली

मी मूळची कोल्हापूरची. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढे फुटबॉलबद्दल मी जी मतं ठोकून देणार आहे ती कुठून आली, हे कुणी विचारायला नको. आमच्या पेठेत पोरगं चालायला लागलं की घरची माणसं आधी बघतात, ते कुठल्या पायाने लाथ मारतं. माझे दोन्ही भाऊ पेठेच्या टीमकडून खेळले आणि मी गच्चीवरून घसा बसेपर्यंत ओरडले. सेंटर फॉरवर्ड म्हणजे टीमचा राजा, बाकीचे दहा जण त्याच्यापर्यंत बॉल पोचवायला जन्माला आलेले असतात, अशी माझी पक्की समजूत होती. ती समजूत जव्हार तालुक्यात, दाभोसाच्या वाटेवरच्या एका पाड्यावर मोडली. मोडणारीचं नाव वनिता.

मी तिथल्या उपकेंद्रात नर्स होते. सगळा पाडा मला शिस्टर म्हणायचा, अगदी माझ्या आईच्या वयाच्या बायकासुद्धा. वनिता लग्न होऊन आली तेव्हा तिच्या आधी तिची कीर्ती येऊन बसली होती. मोखाड्याकडच्या आश्रमशाळेत शिकताना ती राज्याच्या स्पर्धेपर्यंत खेळली होती, सेंटर फॉरवर्ड म्हणून. मुलगी बघायला गेलेल्या मंडळींना तिने एकच प्रश्न विचारला होता, तुमच्याकडे सपाट मैदान आहे का? नवरामुलगा सुरेश नुसताच लाजला. त्याची आई भागीबाई म्हणाली, भात कापला की खाचरं सपाटच असतात, पण तू खेळशील कोणाशी? ती काळजी माझी, असं वनिताने सांगितलं आणि लग्न ठरलं.

दिसायला काही विशेष नाही. बुटकी, पोटऱ्या भक्कम, तेल लावून घट्ट घातलेली वेणी टीशर्टच्या कॉलरमध्ये खोचलेली. वाटेत आंब्याची कोय असो की पाण्याची रिकामी बाटली, तिच्या पायातून सुटायची नाही. माणसांची ओळख ती त्यांच्या मैदानावरच्या जागेवरून ठेवायची. शाळेतले गुरुजी तिच्या मते बॅक होते, कारण ते कधीच कुठल्या गोष्टीत पुढे येत नसत. सरपंच रेफरी, शिट्टी त्यांच्याकडे, पण धावायचं नाव नाही. मी कोण, असं एकदा विचारलं, तर मला खालीवर न्याहाळून म्हणाली, लेफ्ट आऊट. का, ते मला नंतर कळलं. खाचराच्या डाव्या कोपऱ्यात बॉल फारसा जातच नसे.

सुरुवातीला ती पुरुषांत खेळली, एकच संध्याकाळ. पाड्यावरच्या पोरांनी हसत हसत तिला घेतलं, आणि तिने त्यांच्या कॅप्टनच्या दोन पायांमधून बॉल काढला. चुकून निघाला असेल म्हणून सगळे गप्प बसले. मग तिने तो परत काढला. दुसऱ्या दिवशी ती गेली तर पोरांनी सांगितलं, बॉल पंक्चर आहे. तो पंक्चर बॉल त्या संध्याकाळी अंधार पडेपर्यंत उड्या मारताना मी उपकेंद्राच्या ओट्यावरून बघितला. पाड्यावर कुजबुज झाली आणि ती भागीबाईच्या कानावर गेली. भागीबाई ओरडणारी बाई नव्हती. तिने सुनेला चुलीपाशी बसवून ठरवून दिलं, की आता बाप्यांत नाही, बायांत खेळायचं. आणि बाया येतात तोवरच. बाया यायच्या थांबल्या की तुझा खेळ बंद, मग मला विचारायला यायचं नाही.

वनिताचं सगळं त्या अटीवर लटकलं होतं. तिला खेळायचं होतं, दुसरं काही नको होतं. आणि त्यासाठी रोज संध्याकाळी आठ-दहा बाया आपापली कामं सोडून खाचरात याव्या लागणार होत्या.

भाताची कापणी झाल्यावर तिने घरोघर जाऊन बाया गोळा केल्या. वीटभट्ट्यांवर मजुरीला गेलेली घरं सोडून जेवढ्या उरल्या तेवढ्या आल्या, कौतुकाने. कुणी लुगड्याचा काष्टा आवळून, कुणी नवऱ्याची हाफपँट घालून, कुणी निवडणुकीत मिळालेला टीशर्ट ब्लाऊजवर चढवून. मीही गेले, कोल्हापूरची म्हणून मिरवत. आणि वनिता अशी काही खेळली की मी माझ्या भावांना विसरले. बॉल तिच्याकडे गेला की तो सरळ गोलात. आम्ही सगळ्या जागच्या जागी उभ्या राहून बघत होतो. मी तर टाळ्या वाजवत होते.

पंधरवड्यात निम्म्या बाया गळल्या. कुणाची शेळी व्यायली, कुणाच्या पोराला ताप आला. तापवाल्या पोराला मी तपासलं होतं, ते ठणठणीत होतं. खरं कारण चिंतीने सांगितलं. चिंती म्हणजे पाड्यावरची सगळ्यात वेगाने पळणारी बाई; जव्हारची जीप सुटली तर ती पळत जाऊन पकडायची. ती म्हणाली की खेळते ती एकटी, आम्ही नुसत्या उभ्या. उभंच राहायचं तर घरी चुलीपाशी काय वाईट आहे?

भागीबाई रोज शेळ्या घेऊन परतताना बांधावर थांबायची आणि काही न बोलता बघायची. त्या दिवशी मात्र बोलली. ते समजायला इथली आवणी माहीत हवी. भाताची रोपं चिखलात लावायची, त्या कामाला इथे आवणी म्हणतात. बाया एका ओळीत वाकून उभ्या राहतात आणि रोपं लावत लावत मागे सरकतात. एखादीचा हात भरभर चालत असेल तर तिने पुढे निघून जायचं नसतं; शेजारणीच्या वाट्यातली दोन-चार रोपं आपण लावायची, म्हणजे ओळ सरळ राहते. आदल्या पावसात वनिताला हे जमलं नव्हतं. हॉस्टेलात वाढलेली पोर, ती आपला पट्टा संपवून बांधाला टेकली होती आणि तिच्या बाजूची ओळ वाकडी झाली होती.

"तुजा हात चालतो म्हनून तू आवणीत बांधाला जाऊन बसलीस," भागीबाई म्हणाली. "हितं पन तसाच करतेस. बाकीच्या चिखलात. उद्या तुज्या ओळीला कोन यील?"

मला वाटलं वनिता रडेल. तिने वेणी कॉलरमधून बाहेर काढली आणि पुन्हा आत खोचली. दुसऱ्या दिवसापासून तिने गोल मारणं सोडलं. ती मैदानाच्या मध्यावर उभी राहायला लागली आणि ज्या बाईला जसा झेपेल तसा बॉल द्यायला लागली. एकीला बॉलची भीती वाटायची, तिच्याकडे तो हळूच घरंगळत जायचा. एक नुसत्या अंगठ्याने लाथ मारायची, तिच्या अंगठ्यासमोरच येऊन थांबायचा. चिंतीला बॉल थांबवता येत नसे, म्हणून वनिता तो तिच्या पुढे लांब टाकायची आणि चिंती जीपच्या मागे पळावं तशी त्याच्या मागे पळायची. चिंतीने पहिला गोल मारला तेव्हा तिला इतकं हसू आलं की ती खाली बसली. गळालेल्या बाया हळूहळू परत आल्या. मोठमोठे खेळाडू नव्या टीममध्ये गेले की त्यांना जागा बदलावी लागते, हे आपण मोबाईलवर बघतोच. त्यांना सांगायला परदेशातले कोच असतात. वनिताला भागीबाई होती.

मला हे काही पटलं नव्हतं. राज्याला खेळलेली फॉरवर्ड मधे उभी राहून दुसऱ्यांना बॉल वाढते, हे बघून माझा जीव तळमळायचा. मी तिला तसं सांगितलंही. ती म्हणाली की शिस्टर, मला खेळायला पाहिजे, गोल नसला तरी चालेल. यात त्याग वगैरे काही नव्हतं, हे नीट लक्षात घ्या. ती पक्की मतलबी होती. बाया आल्या तर तिला खेळायला मिळणार होतं, एवढाच तिचा हिशोब.

मग तालुक्यातल्याच साखरशेत गावच्या बायांनी आम्हाला मॅचला बोलावलं. आम्ही एका जीपमध्ये कोंबून गेलो, दोघी टपावर. आणि तिथे जे झालं ते आठवलं की मला अजून उचकी लागेपर्यंत हसू येतं. साखरशेतच्या पोरी बॉल घेऊन अंगावर आल्या. आमच्या मागच्या चौघी बाया घाबरल्या, आणि घाबरलेलं माणूस जे अंगवळणी पडलंय तेच करतं. त्या चौघी ओळीत उभ्या राहिल्या आणि मागे सरकायला लागल्या. आवणीत सरकतात तशा, एका तालात, शेजारणीकडे बघत, पाऊल न चुकवता. बॉलला कुणी पाय लावेना. ओळ मात्र मोडली नाही. सरकत सरकत त्या थेट आमच्याच गोलात गेल्या, त्यांच्या मागोमाग बॉलही गेला. हे पहिल्यांदा झालं तेव्हा मी डोक्याला हात लावला. पुन्हा पुन्हा झालं तेव्हा साखरशेतच्या पोरीसुद्धा लाजायला लागल्या. आम्ही सपाटून मार खाल्ला.

परतीच्या जीपमध्ये मी कोल्हापुरी संतापाने धुमसत होते. वनिता खिडकीतून बाहेर बघत होती आणि एकदम म्हणाली, "शिस्टर, ओळ बघितली का? एकदा पन वाकडी नाय झाली."

मी म्हटलं, त्या ओळीची आरती ओवाळू का? ती हसली नाही. ती मला ऑफसाइड समजावून सांगायला लागली, मला, कोल्हापूरच्या मुलीला. समोरच्या टीमची पुढची खेळाडू आपल्या मागच्या ओळीच्या पलीकडे उभी असताना तिच्याकडे बॉल मारला, तर तो धरत नाहीत, रेफरी खेळ थांबवतो. म्हणजे मागची ओळ सरळ असली आणि नेमक्या क्षणी चौघी मिळून दोन पावलं पुढे आल्या, की समोरची आपोआप पलीकडे एकटी उभी राहते. शहरातल्या टीमला ही सरळ ओळ शिकायला वर्ष लागतं. आपल्या बायांना ती जन्मापासून येते. त्यांना फक्त मागे सरकायचं माहीत आहे, पुढे यायचं शिकवलं की झालं.

अडचण एकच होती. तो नेमका क्षण ओळखायला ओळीत कुणीतरी जाणती हवी. जाणती एकच होती. अशा रीतीने राज्याला खेळलेली सेंटर फॉरवर्ड मधूनही निघाली आणि अगदी मागे जाऊन उभी राहिली. आमच्या पेठेत असं झालं असतं तर लोकांनी त्या दिवशी जेवण केलं नसतं. मी तीन दिवस तिच्याशी धड बोलले नाही. ती मात्र खूश होती. रोज संध्याकाळी तिला धरून चौघी ओळीत वाकून उभ्या, आणि वनिता मधोमध. "सरका," म्हटलं की मागे, "चला," म्हटलं की झपकन दोन पावलं पुढे.

शिमग्याला ती माहेरी मोखाड्याकडे गेली आणि सणासाठी आठवडाभर राहिली. परत आली ती आधी खाचरात गेली, मग घरी. खाचरात शेळ्या होत्या. बॉल तिच्या घरी खुंटीला होता, तिने टांगला होता तसाच. त्या आठवड्यात कुणी एकदाही खेळलं नव्हतं. मीही नाही. मला कुणी हाक मारली नाही आणि मी कुणाला मारली नाही. ती उपकेंद्रात आली, बाकावर बसली. तिचा चेहरा उतरला होता.

"मी नसले का खेळ नाय," ती म्हणाली. "मंग मी आजारी पडले, पोटुशी राहिले, का करू? परत यीन तवा कोनाशी खेळू?"

तिला एवढं घाबरलेलं मी आधी कधी बघितलं नव्हतं. मला फार वाईट वाटलं. मी तिला चहा दिला.

त्याच संध्याकाळी तिने भागीबाईला ओळीत उभं राहायला सांगितलं. आवणीत ओळीला हाक देणारी भागीबाईच होती, पाड्यातली प्रत्येक बाई तिच्या आवाजावर वर्षानुवर्षं सरकलेली. भागीबाईने आधी वय काढलं, मग गुडघे काढले, मग शेळ्या कोण आणेल ते विचारलं. वनिताने सगळ्याला मान डोलावली आणि बॉल तिच्या पायाशी ठेवला. दुसऱ्या दिवशी भागीबाई लुगडं गुडघ्याच्या वर खोचून आली. तिला ऑफसाइड वगैरे काही सांगितलं नाही. वनिताने फक्त सांगितलं, की समोरच्या ज्या पोरीचा पाय बॉल मारायला उठतो, तिच्याकडे बघा, आणि तेव्हा हाक द्या.

उन्हाळ्यात जव्हारला बायांच्या मॅचेस झाल्या. समोर शाळा-कॉलेजच्या पोरी, पायात बूट, अंगात एकसारखे टीशर्ट. आम्ही अनवाणी. त्यांची पुढची पोर वाऱ्यासारखी पळायची आणि दर वेळी लाइनमनचं निशाण वर. तिला कळेना काय होतंय. त्यांचे सर लाइनमनशी भांडायला गेले, मग मैदानाच्या कडेला बसून आमच्या बायांच्या पायांकडे बघत राहिले. अर्ध्या हाका वनिताच्या होत्या, अर्ध्या भागीबाईच्या. सेमी फायनलपर्यंत आमच्यावर एकही गोल चढला नाही. आम्हीही फार मारले नाहीत, चिंती एकटी काय काय करणार. सेमी फायनलला पेनल्टीवर हरलो. त्यात एक मी मारली होती, ती कुठे गेली याची चर्चा नको. शिस्तबद्ध संघाचं बक्षीस म्हणून स्टीलचा हंडा मिळाला. तो कुणाच्या घरी ठेवायचा यावरून जीपमध्ये भांडण झालं आणि तो माझ्या उपकेंद्रात आला.

त्यानंतर माझी मोखाड्याला बदली झाली. जाताना मी सगळ्यांसमोर रडले, अगदी हुंदके देऊन. वनिता रडली नाही. डावीकडे आता कोण, एवढंच तिने विचारलं. मला तेव्हा तिचा रागच आला. नंतर कधीतरी फोनवर कळलं, ती पोटुशी आहे.

तिला मी शेवटची भेटले ती गेल्या हिवाळ्यात. दाभोसाकडे जाणाऱ्या जीपमध्ये जागा मिळाली म्हणून रविवारी सहज निघाले. पाडा जवळ आला तसं मला उगाच वाटायला लागलं, की खाचर रिकामं असणार, शेळ्या असणार. वनिताला आता सातवा लागला असेल, ती काही खेळत नसणार. तिला धीर द्यायला काय बोलायचं ते मी जीपमध्येच ठरवत होते.

खाचरात बाया खेळत होत्या. भट्टीवर न गेलेल्या सगळ्या, आणि दोन नव्या सुना. डावीकडे माझ्या कोपऱ्यात एक पोरसवदा बाई धावत होती, माझ्यापेक्षा पुष्कळ बरी. मागची ओळ सरळ, मधोमध भागीबाई. वनिता बांधावर बसली होती, पोट सांभाळत, पाय पसरून.

मी तिच्या शेजारी बसले. आज कुणी बोलावलं यांना, असं विचारलं.

"कोनी नाय," ती म्हणाली. "मी घरात भाकरी करीत होते. हिकडून ओरडा आला, म्हनून बघायला आले. रोजच येतात. मना कोनी इचारत पन नाय."

तिला आनंद झाला होता की राग आला होता, मला कळेना. दोन्ही असावं. डोळ्यांत पाणी होतं आणि ती हसत होती. तेवढ्यात भागीबाईने हाक दिली आणि ओळ दोन पावलं पुढे आली, समोरची पोर पलीकडे एकटीच उभी राहिली. "आई येळेवर बोलली," वनिता पुटपुटली. मग आम्ही तिच्या तपासण्यांबद्दल बोललो, सुरेशच्या नव्या कामाबद्दल बोललो. परतीची जीप वरच्या रस्त्यावर हॉर्न वाजवायला लागली. उठता उठता मी विचारलं, बाळ झाल्यावर परत येशील ना खेळायला?

तिने मागच्या ओळीकडे बघितलं. चौघी होत्या, भागीबाई धरून. मधे खेळायला त्या दोन सुना होत्या. वनिता माझा हात धरून सावकाश उभी राहिली आणि समोरच्या गोलाकडे बघायला लागली.

"यीन ना," ती म्हणाली. "पन मागं आता जागाच नाय उरली, शिस्टर. मना पुढं खेळावा लागल."

मोठी अडचण झाल्यासारखा तिने चेहरा केला होता, पण तो तिला फार वेळ धरून ठेवता आला नाही.